नदीकडची लाईन

सोमवार, १ जून १९४२. देवपूर, धुळे.

नोकरी सुटून आज आठ महिने पूर्ण झाले. सकाळी सात दहाला अंगणात उभा होतो आणि हात आपोआप खिशातल्या घड्याळाकडे गेला. माझ्या बायकोनं, वच्छलाबाईनं, ओट्यावरूनच विचारलं, "कोनती गाडी उनी?" आणि खुदकन हसली. मला राग आला. चौतीस वर्षं स्टेशनं सांभाळली, त्यातली शेवटची सहा खैरपाड्याला. चाळीसगावाहून धुळ्याला येणाऱ्या फाट्यावरचं ते एवढंसं स्टेशन. मी खुर्चीत असताना तिथे एकही गाडी दुसरीच्या अंगावर गेली नाही. अशा माणसानं आता काय भाजी निवडायची?

निघताना आमच्या साहेबांनी एक जुनं विलायती मासिक दिलं होतं. त्यात एका पांढऱ्या मिशीच्या पेन्शनराचा फोटो आहे. भल्यामोठ्या टेबलावर रूळ, सिग्नल, बोगदा, आणि तो वाकून हातभर आगगाडी चालवतोय. आज तो फोटो पाच-सहा वेळा पाहिला. तसल्या गाड्या लढाईमुळे यायच्या बंद झाल्या आहेत म्हणे. नाही तर नाही. मी इथेच करीन. खैरपाडाच करीन, जसंच्या तसं. होईल का? हात पूर्वीसारखे स्थिर नाहीत, आणि लोक हसतील ते वेगळंच.

मंगळवार, ९ जून.

हाशमभाईकडे गेलो. कंदील, समया, कढया सगळं झाळून देणारा माणूस, माझ्याच वयाचा. फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. म्हणाला, "मास्तरसाहेब, इंजन बनवतो. पण आत काय घालायचं? वाफ तर येणार नाही."

माझ्याकडे मोडक्या फोनोची स्प्रिंग आहे. ती दिली. डबे रॉकेलच्या पत्र्याचे. रूळ कशाचे करायचे यावर दोघांनी चहाचे दोन दोन कप संपवले. शेवटी त्यालाच सुचलं, छत्रीच्या काड्या! सरळ, पोलादी, सगळ्या एका मापाच्या. घरी येऊन दोन छत्र्या मोडल्या. पावसाळा तोंडावर. वच्छलाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हातारपनमा खेळनं सुचनं तुमले!"

मंगळवार, २३ जून.

फळ्या मधल्या घरात भिंतीलगत ठोकल्या. स्टेशन बसलं, पाण्याची टाकी बसली. आता मोठाच घोळ झाला आहे.

खैरपाड्याच्या पुढे, चाळीसगावच्या बाजूला, दोन लाईनी फर्लांगभर शेजारी शेजारी जातात. कडुनिंबाच्या झाडांच्या बाजूची ती मेन लाईन, सगळ्या गाड्या तिच्यावरून. नदीच्या बाजूची ती खडीच्या खाणीकडे जाणारी सायडिंग, तिच्यावर कधीमधी खडीचे डबे. माझ्या फळीवर सायडिंग मेन लाईन सोडून नदीकडे खाणीला वळते, नेमकी तिथेच आमची ज्वारीची पत्र्याची कोठी उभी आहे. हातभर सरकवली की काम झालं. पण ही ऐकायलाच तयार नाही.

"कोठीले हात नका लावा. दाना हालाडा ते किडा लागस."

"अगं, हातभरच!"

"बोटभर बी नही."

असा आवाज मी तिचा पस्तीस वर्षांत दोनदाच ऐकला असेल. शेवटी सायडिंग निंबांच्या बाजूला टाकली आणि मेन लाईन नदीकडे. म्हणजे उलटं! कुणाला कळणार आहे? कुणाला नाही. पण जेवण गोड लागलं नाही. लाईन चुकीची टाकणारा मास्तर म्हणजे काय माणूस झाला?

शनिवार, ११ जुलै.

गाडी चालली! स्टेशनातून निघाली, सांध्यावर अडखळली, पुलापर्यंत गेली आणि आडवी झाली. हाशमभाई टाळ्या वाजवत होता. मला घाम फुटला होता. खोट्या गाडीला एवढं घाबरायचं म्हणजे कमाल आहे, पण घाबरलो खरा. दुपारी सांधा पुन्हा बसवला. मग चार वेळा नीट गेली.

संध्याकाळी मगन गुरुजी आले. आमच्या बाजूच्या आळीत राहतात, शाळेत चित्रकला शिकवतात, पंचेचाळिशीचे, खादी घालतात. हिच्याकडे सूतकताईचं काहीतरी काम होतं. गाडी पाहून तिथेच मांडी घालून बसले. "नाना, हे अगदी तंतोतंत आहे का हो?" मी सायडिंगचं बोललो नाही. मान हलवली. माणूस फार रसिक वाटला. इतकी आस्था माझ्या जावयानंसुद्धा कधी दाखवली नाही.

बुधवार, १२ ऑगस्ट.

मुंबईला पुढाऱ्यांना धरून तीन दिवस झाले. गावात दुकानं बंद. शाळा बंद. कुठे तारा तोडल्या, कुठे रूळ उखडले, रोज नवी बातमी. काल कोपऱ्यावर शिपाई उभे होते.

मला वेगळीच धास्ती. माझ्या घरात काय आहे? एका स्टेशनाचा पूर्ण नकाशा, पुलाची मापं, सिग्नलच्या जागा, गाड्यांच्या वेळांचा तक्ता. उद्या कुणी आत डोकावलं तर मी काय सांगू? खेळतो म्हणून? साठीजवळ आलेला माणूस? मासिकातला फोटो काढून वर ठेवला, निदान तो दाखवता येईल. झोप नीट लागत नाही.

एक लिहायचं राहिलं. आमच्या घरात माणसं दोन आणि आज भाकरी मोजून चौदा झाल्या. विचारलं तर म्हणाली, गाईला घालते. कोणती गाय ठेचा खाते?

सोमवार, २४ ऑगस्ट.

काल घरी कानबाई देवी बसली, आज पांझरा नदीत बोळवली. तिच्या प्रसादाच्या रोटाचे गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ काढायची असते. घरात पुरुष मी एकटा. ही मोजत होती, मी ऐकत होतो. सहा नावांच्या मुठी काढल्या! आणि रोट घरच्या माणसांशिवाय कुणाच्या तोंडी पडू द्यायचा नसतो, हे तिनंच मला लग्नानंतर शिकवलं आहे.

"बाकीचे पाच कोण?" मी विचारलं.

"माहेरना लोके शेतस."

शिंदखेड्याची तिची भावंडं आपल्या घरी आपली कानबाई बसवतात, मग आमच्याकडे कशाला खातील? वयानं तिचं मोजणं चुकायला लागलं की काय, अशी मला काळजी वाटते आहे. आईंचंही असंच सुरू झालं होतं.

रविवार, ३० ऑगस्ट.

मगन गुरुजी दोन पाहुण्यांना घेऊन आले. नंदुरबारकडचे म्हणाले. फार बोलत नव्हते, पण पाहत होते डोळे फाडून. पुलाच्या अलीकडचं वळण, गाडीचा वेग तिथे किती, रूळ तपासणाऱ्या गँगची माणसं किती वाजता परततात. मी चढत्या उत्साहानं सांगत होतो. चौतीस वर्षांत मला इतकं कुणी विचारलं नाही! गाडी तीनदा चालवून दाखवली. जाताना गुरुजींनी माझा मोठा पाना मागितला, खाटेचा नट आवळायचाय म्हणाले. दिला.

ते गेले आणि पाटावर बसलो तोच प्रश्न पडला. लाकडी खाटेला नट कुठून आला?

छे. मी भलतंच मनात आणतो. गुरुजी म्हणजे मुंगी चुकवून चालणारा माणूस.

शनिवार, ५ सप्टेंबर.

असोद्याहून आमच्या लेकीचं, पुष्पाचं पत्र. गणपतीला येतेय, गुरुवारी दहा तारखेला, जळगावहून चाळीसगाव आणि तिथून संध्याकाळच्या पॅसेंजरनं धुळ्याला. पाच महिन्यांची छकुली बरोबर. आम्ही अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही! पत्र मोठ्यानं वाचलं. हिच्या हातातून पितळी गडू निसटला आणि पाणी माझ्या रुळांपर्यंत गेलं.

मला वाटलं आनंदानं. पण चेहरा पांढरा पडला होता.

"तिले तार करा. आते नको येऊ म्हना."

"का? गणपतीला लेक येतेय आणि तू—"

"दिवस खराब शेतस."

तारऑफिसात गेलो. चाळीसगावच्या बाजूच्या तारा कुणीतरी तोडल्या आहेत, तार जाणार नाही. घरी येऊन सांगितलं तर ही ओट्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून एकदम रडली. मी म्हटलं, अगं, तारेसाठी कुणी रडतं का? पत्र टाकलं आहे, पण पत्र वेळेवर पोचेल याची खात्री नाही.

सोमवार, ७ सप्टेंबर.

ही सकाळी बाहेर पडली ती दुपारी आली. मगन गुरुजींकडे गेले होते म्हणाली. घराला कुलूप. शाळेत कुणाला पत्ता नाही. गुरुजींशी हिचं एवढं काय काम? विचारलं नाही. तिच्या पायांना चिखल लागला होता, धुतलाही नाही, तशीच चुलीपुढे बसली.

बुधवार, ९ सप्टेंबर. दुपारी तीन.

झालं ते लगेच लिहितो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

ही पुन्हा गुरुजींना शोधायला गेली आणि गुरुजीच घरी आले! डोक्याला मुंडासं, अंगात मळकी बाराबंदी, पाटलासारखे. आधी ओळखलंच नाही. पाणीसुद्धा न पिता सरळ गाडीपाशी गेले, बोट टेकवलं.

"नाना, एवढंच सांगा. इथे दोन लाईनी आहेत. नदीकडची मेन ना? निंबांकडची खडीची?"

सगळं एकदम कळलं. खाटेचा नट, पाना, नंदुरबारचे पाहुणे.

"गुरुजी, उद्या माझी पुष्पा त्या गाडीत आहे. तान्हं पोर घेऊन."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मग म्हणाले, "तिच्या गाडीला धक्का नाही लागणार, नाना. पॅसेंजर निघून गेली की मागून पलटणीच्या सामानाची मालगाडी येते. ती अडवायची. आम्ही दोन गाड्यांच्या मधेच रूळ काढणार."

मधेच! या माणसाला कुणी सांगावं? हल्ली लढाईच्या दिवसांत कोणती गाडी पुढे काढायची हे आयत्या वेळी ठरतं. मालगाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर तास तास बाजूला उभी करतात. अंधारात, आवाजावरून, हे चित्रकलेचे मास्तर कोणती गाडी गेली ते ओळखणार? आणि मालगाडीवर ड्रायव्हर नसतो? फायरमन नसतो? त्यातल्या चौघांनी माझ्या हातचा चहा प्यायला आहे. हे सगळं मी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आता थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. माणसं निघाली आहेत. आम्ही कुणाचा जीव घेणार नाही, लांबून लाल कंदील दाखवू." मग पुन्हा तेच. "नदीकडची मेन ना, नाना?"

चौकीवर जाऊन नाव सांगू? हा माणूस फासावर जाईल. गप्प बसू? ते दुसऱ्या कुणाला विचारतील.

चौतीस वर्षांत मी एकदाही खोटा लाईन क्लिअर, म्हणजे पुढची लाईन मोकळी असल्याचा निरोप, दिला नाही. ताप असताना नाही, आई गेली त्या दिवशी नाही. आज म्हणालो, "हो. नदीकडची मेन."

"नक्की?"

"मी मास्तर होतो तिथला."

त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला आणि मागच्या दारानं गेले.

ही आता आली आहे. भेटले का, म्हणून मी विचारलं नाही. नाही भेटले, हे तिच्या चालण्यावरून दिसलं. मीही काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती पुन्हा धावत त्यांच्या मागे जाईल, आणि तिच्या मागे शिपाई असतील तर?

आता एकच भीती. रुळावर हात फिरवला तरी खरं कळतं. चालत्या लाईनीचा रूळ गुळगुळीत असतो, सायडिंगचा गंजका. त्यांना हे ठाऊक असेल तर मेलो.

शुक्रवार, ११ सप्टेंबर. सकाळी.

काल दुपारी चारलाच स्टेशनावर जाऊन बसलो. ही बरोबर आली. कधी येत नाही, काल आली. गाडी सहा चाळीसची. सात वाजले. आठ वाजले. आतल्या मास्तरला विचारलं, तो माझ्याहून तरणा, म्हणाला, "नाना, मालगाडी पुढे काढलीय, तुमची पॅसेंजर मागे ठेवलीय." म्हणजे झालंच! मी म्हणत होतो तेच झालं. मालगाडी सव्वाआठला धाडधाड करत आली आणि मालधक्क्याकडे गेली. शाबूत. मी डबे मोजले, सवयीनं. शेवटचा लाल दिवा दिसला तेव्हा अर्धा जीव परत आला.

अर्धाच. कारण पॅसेंजर अजून मागे होती, आणि आता त्या लोकांना वाटणार की पॅसेंजर गेली, पुढची ती मालगाडी. ही माझ्या शेजारी बाकावर बसून काहीतरी पुटपुटत होती. कानबाईचं नाव ऐकू आलं. मी तिचा हात धरला. चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदा. तिनं सोडवून घेतला नाही.

नऊ वाजून सात मिनिटांनी गाडी आली. पुष्पा उतरली, कावलेली, म्हणाली, "नाना, किती हा उशीर!" आणि छकुली माझ्या हातात दिली. ओली होती. मी तिला छातीशी धरून तिथेच प्लॅटफॉर्मवर रडलो. पुष्पा घाबरली. ही म्हणाली, "काही नही, नात दखी म्हनीसन रडतस."

त्याच दिवशी, दुपारी.

हाशमभाई बातमी घेऊन आला. खैरपाड्याजवळ कुणीतरी रूळ काढले. खडीच्या सायडिंगचे! लोक पोट धरून हसताहेत. आठ दिवस दुरुस्तीची खडी जात होती म्हणून सायडिंगचे रूळही घासलेले होते, फसले बिचारे. कुणी सापडलं नाही.

जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. मग ध्यानात आलं. नदीकडची लाईन ती मेन, असं साऱ्या खानदेशात कुठे लिहिलेलं आहे? फक्त माझ्या फळीवर! ज्याला थोडी अक्कल आहे असा फौजदार इथे एकदा उभा राहिला की संपलं. हाशमभाईला म्हटलं, लाईन आजच्या आज बदलायची. तो म्हणाला, "पण ती कोठी?"

तेवढ्यात ही आतून आली. पदर खोचलेला. कोठीचं झाकण काढलं आणि ज्वारी पाटीत उपसायला लागली. एक पाटी, दुसरी, पाचवी. ज्वारीखालून चळवळीच्या कागदांचे गठ्ठे निघाले, जांभळ्या शाईत छापलेले. त्यांवर माझा पाना; आजच पहाटे कुणीतरी परत आणून दिला होता, हे मागाहून कळलं. हाशमभाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, भला माणूस.

मी तिच्याकडे पाहिलं. चौदा भाकरी. सहा मुठी. तिचं मोजणं कुठेच चुकलेलं नव्हतं.

"लाईन उलटी शे हाई तुमले माहीत व्हतं?" तिनं हळूच विचारलं.

"मीच टाकली. तुझी कोठी हलेना म्हणून. आणि परवा गुरुजींना खोटं सांगितलं."

ती मटकन ज्वारीतच बसली. रडते की हसते ते कळेना. "मनीच कोठी आडी उनी," म्हणाली. मग पुष्पाच्या कुशीतल्या पोरीकडे बघत राहिली. "पोर वाचनी. काम बुडनं. दोन्ही खरं शे."

माझ्यावर रागावली का, हे मला अजून समजलेलं नाही. कागद चुलीत गेले. रिकामी कोठी आम्ही तिघांनी हातभर सरकवली आणि हाशमभाईनं संध्याकाळपर्यंत दोन्ही लाईनी आपापल्या जागी बसवल्या.

रविवार, १३ सप्टेंबर.

फौजदार आज आला. बरोबर दोन शिपाई आणि खैरपाड्याचा नकाशा. मी मासिकातला फोटो दाखवला, त्यानं बघितलाही नाही. नकाशा फळीवर पसरला, वाकला, बोटानं दोन्ही लाईनी तपासल्या. निंबांकडची मेन. नदीकडची खडीची. ही छकुलीला मांडीवर घेऊन कोठीला टेकून बसली होती.

"चालवून दाखवा," तो म्हणाला.

किल्ली दिली. गाडी निघाली, सांधा पार केला, पुलावरून गेली, थांबली. सरळ उभा राहून तो म्हणाला, "मास्तर, हुबेहूब आहे."

हा एक शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकावा म्हणून मी जूनपासून तळमळत होतो. आज ऐकला, तो फौजदाराच्या तोंडून.

दारापर्यंत जाऊन तो वळला. "तुम्ही स्टेशनवाले फार टिपणं ठेवता. वेळा, आकडे, कोण आलं, कोण गेलं. काही लिहून ठेवता का घरी?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, त्याचंच वाईट वाटलं.

तो गेल्यावर ही उठली. छकुलीला पुष्पाकडे दिलं, कोठीचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घालून ज्वारीत खड्डा केला. मी म्हटलं, ही वही जाळायची नाही, यात छकुली पहिल्यांदा आली तो दिवस आहे. ती म्हणाली, "जाळाले कोन सांगस? तळले ठेवा. पुढला साली कानबाईले सात मुठी काढसु."

"सातवी कुणाची?"

"तुमनी. आतेपावत तुमले धरेल नव्हतं मी."

मी मोजून पाहिलं. म्हणजे त्या सहांत मी नव्हतोच. मगन गुरुजी धरून सहा बाहेरचे, आणि मी घरात बसून गाडी खेळत होतो. हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पण सात म्हटल्यावर बरंच वाटलं, उगाच कशाला खोटं लिहू.

ती झाकण हातात धरून उभी आहे. म्हणते, "आटपा आते, हात दुखस."